दादासाहेब फाळके : वास्तवपट आणि लेखणी



दादासाहेब फाळके यांची ओळख नाशिककरांना करून देण्याचे कारण नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात मृत्यू, आणि मध्ये ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला 'राजा हरिश्चंद्र', एवढे तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. देवादिकांना पडद्यावर आणणारा पुरुष म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि ते खरेही आहे. परंतु याच गृहस्थाने वाटाण्याचे रोप कसे वाढते, काच कशी तयार होते आणि खुद्द चित्रपट कसा तयार होतो, याचीही चित्रे घेतली होती. शिवाय हाती कॅमेरा नसे तेव्हा त्यांनी लेख लिहिले, नाटक लिहिले. या दुसऱ्या फाळक्यांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

मी चित्रपटाचा जाणकार नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि जे काही शिकलो ते वाचनालयांत व कारखान्यांच्या दाराशी शिकलो. त्या धंद्याने एक सवय लावली आहे. कोणताही कारखाना समोर आला की मालकाची तसबीर पाहण्याआधी मी हजेरीपट मागतो. फाळक्यांच्या कारखान्याकडेही मी त्याच नजरेने पाहिले, आणि तसे पाहताना मला त्यांच्या वास्तवपटांचे महत्त्व कळले.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. घडलेले किंवा घडत असलेले जसेच्या तसे टिपून, त्याची नीट जुळणी करून काही सांगणारे चित्र, त्यास आपण अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द रूढ आहे तो जॉन ग्रियर्सन या स्कॉटिश गृहस्थाने १९२६ साली एका परीक्षणात वापरला व तेथून तो पसरला. वस्तू मात्र नावाच्या फार आधीची आहे. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली जी पहिली चित्रे घेतली त्यांत त्यांच्याच लियाँ येथील कारखान्यातून सुटीच्या वेळी बाहेर पडणारे कामगार आहेत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात या देशातील पहिला खेळ झाला, त्यातही ते चित्र होते. म्हणजे आपल्याकडील लोकांनी पडद्यावर जी पहिली हलती माणसे पाहिली त्यांत कामावरून घरी निघालेले कामगार होते. पुढे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्र घेतले आणि १९०१ साली विलायतेहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे. आपल्याकडील चित्रपटाचा आरंभ कथेने झाला नाही, तो वास्तवापासून झाला.

फाळक्यांचीही तयारी तशाच मार्गाने झाली. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण व साचेकाम शिकले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा केला. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रे व आराखडे काढण्याची नोकरी केली, आणि वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या काळात ती सोडून छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. जादूचे प्रयोगही ते करीत, आणि त्यासाठी आडनाव उलटे वाचून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते. रंग, भिंग, रसायन, यंत्र आणि हातचलाखी या पाचही गोष्टी एका माणसाच्या हाती जमल्या होत्या. भांडवल तेवढे नव्हते. छापखान्यात भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत हा कारागीर रिकाम्या हाताने बाहेर पडला.

त्याच सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि आपले रामकृष्ण असेच पडद्यावर आणावयाचे हे मनाशी धरले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा चित्रपट कारखाना त्यांनी पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म घेण्याची व्यवस्था केली आणि वसंतऋतूत ते परत आले.

आता प्रश्न पैशाचा. सावकाराला काय दाखवावयाचे? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपले. ही फिल्म सलग चालविली की बी फुटते, कोंब वर येतो, वेल झालेला दिसतो. रोज एकच चित्र घेतले असे पुष्कळदा सांगितले जाते, पण थोडा हिशेब करून पाहावा. त्या वेळी पडद्यावर एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत. रोज एक घेतले तर महिन्याच्या मेहनतीला दोनच सेकंद मिळतील. मिनिटभराचे दृश्य हवे असेल तर साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत, म्हणजे दिवसाला तीसेक. कुंडी हलता कामा नये, कॅमेरा हलता कामा नये, उजेडात फार फरक पडता कामा नये. महिनाभर ही राखण करणे म्हणजे एक मोठी पाळीच होती. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखले जाणारे हे छोटे चित्र पाहून भांडवल देणारे पुढे आले. तेवढ्याने भागले नाही तेव्हा पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने पुढे केले.

तेव्हा लक्षात घ्या, 'राजा हरिश्चंद्रा'च्या आधी वाटाणा आहे. या मनुष्यावर भांडवलाचा पहिला विश्वास बसला तो पुराणकथेमुळे नव्हे, एका वास्तव घटनेच्या चित्रामुळे.

'राजा हरिश्चंद्र' तयार झाला दादरला. त्याची लांबी ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे मूकपटाच्या गतीने सुमारे तासाभराचा खेळ. कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोके न पाडलेली येई आणि ती घरी पाडावी लागत. एका चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ भोके, म्हणजे फुटाला १२८. तयार चित्रपटाच्या एकाच प्रतीचा हिशेब केला तर ४ लाख ७३ हजार ६०० भोके होतात. वाया गेलेली फिल्म, उलटी फिल्म व पुढच्या प्रती यांत धरलेल्या नाहीत. यंत्र एका दाबात काही भोके पाडीत असेल, तरी फिल्म अंधारात हाताने पुढे सरकवावी लागे, आणि एक भोक चुकले तर पडद्यावर चित्र उडे. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. त्या फिल्म धूत, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि हे झाल्यावर साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करीत.

बाकीचा हजेरीपटही पाहण्यासारखा आहे. कॅमेरा चालविणारे त्र्यंबकराव तेलंग यांना ती विद्या फाळक्यांनीच शिकविली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. तारामतीसाठी बाई मिळेना तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये पगारावर असलेला अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर आणला गेला. चित्रपटात काम करणे इतके हलके समजले जाई की, कोणी विचारलेच तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत' असे सांगावे, अशी मंडळींना सूचना होती. लाज झाकण्यासाठी उच्चारलेला हा शब्द मला फार खरा वाटतो. तो कारखानाच होता. कच्चा माल, यंत्र, रसायन, पाळी, पगार, सर्व काही त्यात होते.

त्याच वर्षी फाळके हा कारखाना घेऊन नाशकास आले. घाट, मंदिरे, डोंगर आणि वाडे इथे सहज मिळत होते. 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' इथे तयार झाले. मोठ्या पौराणिक चित्राबरोबर दाखवावयाची छोटी चित्रेही ते काढीत. 'पिठाचे पंजे' हे त्यांतले विनोदी. 'नाशिक-त्र्यंबक येथील देखावे' हे आपल्याच गावाचे. आणि 'तळेगावचा काच कारखाना' हे माझ्या मते सर्वांत बोलके. तळेगाव दाभाडे येथील तो कारखाना पैसाफंडाचा, म्हणजे अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली उभारलेला. काच फुंकणारे कारागीर तिथे शिकून तयार होत होते. देशी धंदा, लोकवर्गणीचे भांडवल, शिकाऊ कामगार, हा विषय फाळक्यांनी कॅमेऱ्यासाठी निवडला. आपला चित्रपटही भांडवल, माणसे आणि कथा या सर्व बाजूंनी स्वदेशी आहे, असे ते पुढे आवर्जून मांडीत. काचेच्या भट्टीत त्यांना स्वतःच्याच धंद्याचे भावंड दिसले असावे.

१९१४ साली ते आपली तीन चित्रे घेऊन पुन्हा लंडनला गेले. चित्रांची तेथे वाहवा झाली. तेथेच राहून काम करण्याचे बोलणेही निघाले, ते न स्वीकारता ते परतले. तोवर महायुद्ध पेटले होते. भांडवल देणारे मागे सरले, कच्ची फिल्म मिळणे अवघड झाले. या ओढगस्तीत मोठे चित्र काढणे शक्य नव्हते, म्हणून आगकाड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली, नाणी हलवून 'लक्ष्मीचा गालिचा' केला. ही वाटाण्याचीच युक्ती. एकेक चित्र घ्यावयाचे, मध्ये वस्तू जराशी हलवावयाची. पुन्हा पैसा उभा करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आणखी एक वास्तवपट काढला : 'चित्रपट कसे तयार करतात'. साल १९१७. यात ते स्वतः नटांना सूचना देताना व फिल्म तपासताना दिसतात. कारखान्याने आपल्या आतले काम चारचौघांना दाखविण्याचा असा प्रसंग क्वचित येतो.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. १९१२ सालचा वाटाणा आणि १९१७ सालचे 'चित्रपट कसे तयार करतात' ही दोन्ही भांडवल मिळविण्यासाठी निघाली, आणि दोन्ही वेळा भांडवल मिळताच ते सारे पुराणकथांकडे गेले. यात फाळक्यांना दोष देता येत नाही. रामकृष्णांची त्यांना मनापासून ओढ होती आणि लोकांनाही तेच हवे होते. १९१७ सालच्या 'लंकादहना'ला केवढी गर्दी लोटली! राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंकेने केल्या. तिकिटाचा पैसा देवांच्या कथेवर येई. रोप कसे वाढते, काच कशी फुगविली जाते, हे लोक मुख्य खेळाबरोबर आनंदाने पाहत, पण त्यासाठी वेगळे तिकीट काढीत नसत. वास्तवपटाने पैशाचे दार उघडावयाचे आणि दार उघडले की आपण बाहेर थांबावयाचे, हा क्रम तेव्हापासून पडला.

१९१८ च्या आरंभी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशकात उभी राहिली. कन्या मंदाकिनी कृष्ण झाली तो 'कालियामर्दन' १९१९ सालचा. कंपनीची माणसे एका मोठ्या कुटुंबासारखी राहत असे सांगतात. माझ्या धंद्यामुळे 'कुटुंब' हा शब्द मला जरा जपून ऐकावा लागतो. जिथे सारे घरचेच असतात तिथे कामाचे तास कोणी मोजीत नाही. फाळके शिस्तीचे मालक होते, हेही खरे. पण लवकरच त्यांच्यावरही मालक आले. खर्च किती करावा, वेळ किती घ्यावा, यावरून भागीदारांशी खटके उडाले. ज्याने हा धंदा या देशात रुजविला तोच आपल्या कारखान्यातून बाहेर पडून सहकुटुंब काशीस गेला.

येथे लेखणी पुढे येते. लेखक फाळके याआधीच दिसले होते. १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर व स्वतःच्या खटपटीवर लेख लिहिले. चित्रपट सुरू करतानाच्या दिवसांविषयी आज आपण जे जाणतो त्यातले पुष्कळसे या लेखांतून आलेले आहे. म्हणजे आपल्या कामाचा वास्तवपट त्यांनी शब्दांतही काढला होता. काशीस मात्र त्यांनी कल्पनेचा आश्रय घेतला आणि 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. तत्कालीन नाट्यव्यवसायावर त्यात टीका होती. ते १९२२ साली रंगमंचावर आले, पण चालले नाही. कारण उघड आहे. नाटक लिहिण्यास दौत-कागद पुरतो, ते उभे करण्यास पुन्हा नट, थिएटर आणि पैसा लागतो.

फाळक्यांनी कादंबरी लिहिली नाही. त्यांच्यानंतर आपल्याकडे चित्रपट आणि साहित्य ही दोन्ही घरे सांभाळणारे लोक झाले. विश्राम बेडेकर चित्रपट दिग्दर्शक होते आणि १९३९ साली त्यांनी 'रणांगण' ही कादंबरी लिहिली. कवी दिलीप चित्रे यांनी अनुबोधपट केले आणि १९८३ साली 'गोदाम' हा चित्रपट केला. ख्वाजा अहमद अब्बास तर पत्रकार, कादंबरीकार आणि चित्रपटकार असे तिन्ही होते. असा मनुष्य दोन दगडांवर पाय का ठेवतो, याचे उत्तर मला फाळक्यांच्या चरित्रात मिळते. कॅमेरा दुसऱ्याच्या भांडवलावर चालतो आणि भांडवलदार आज आहे, उद्या नाही. कादंबरीकाराला तो लागत नाही. कॅमेरा हातून गेला तरी सांगावयाचे संपत नाही, मग मनुष्य कागद ओढतो.

नाटक चालले नाही आणि फाळके पुन्हा हिंदुस्थान कंपनीत आले, या वेळी महिना हजार रुपये पगारावर. त्या काळी ही रक्कम फार मोठी. तरीही संस्थापक आता पगारपत्रकावर सही करीत होता. १९२७-२८ साली सरकारने रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटधंद्याची चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातने हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून मराठीत बोलती केली. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढलेला, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. हिंदुस्थान कंपनी बंद पडली. १९३७ साली कोल्हापूरच्या सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट केला. पुढे धंद्यातील लोकांनी, त्यांत शांताराम बापू व प्रभात कंपनी प्रमुख, मदत केली म्हणून नाशकातील गोळे कॉलनीत घर झाले. त्याचे नाव 'हिंद सिने जनकाश्रम'. धंद्याच्या जनकाला निवृत्तिवेतन नव्हते, आश्रम मिळाला तो वर्गणीतून.

त्यांच्या चित्रांचे काय झाले? जुनी फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेट घेते, आणि न पेटली तरी वर्षानुवर्षे आतून कुजते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून व इतरत्र शोध घेऊन जे उरले होते ते गोळा केले. 'राजा हरिश्चंद्रा'ची पहिली व शेवटची रिळे मिळाली. तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्राची असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. 'कालियामर्दन' बराचसा मिळाला. आणि 'चित्रपट कसे तयार करतात' याचाही एक तुकडा हाती लागला. शासन १९६९ पासून फाळक्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते आणि तो योग्यच आहे. पण मला विचाराल तर त्या छोट्या तुकड्याचे मोल कोणत्याही पदकाहून कमी नाही. देवांच्या चित्रांत मुकुट आणि रथ दिसतात, ते करणारे हात दिसत नाहीत. या तुकड्यात धंदा स्वतःच्या कामाकडे पाहतो. आणि त्यातही भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाई आपल्याला भेटत नाहीत. त्यांची मेहनत आपण सांगण्यावरून जाणतो. कारखान्याचे चित्र निघाले तरी हजेरीपट पुरा झाला नाही.

म्हणून माझे दोन मुद्द्यांचे मागणे आहे. पहिले असे की, दरवर्षी ३० एप्रिलला फाळक्यांच्या तसबिरीला हार घालताना त्या जागी हा तुकडा गावातल्या मुलांना दाखवावा, आणि सोबत भोकांचा तो हिशेब फळ्यावर मांडावा. दुसरे असे की, आज मोठ्या भांडवलाची अडचण राहिलेली नाही, प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे. तांबट आळीत भांड्यावर ठोके घालणारा हात, येवल्याच्या मागावरचे विणकर, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बाया, सातपूर-अंबडच्या यंत्रांवरचे कामगार, यांचे काम आरंभापासून शेवटापर्यंत, नावानिशी टिपून ठेवावे. वाटाण्याच्या रोपाला फाळक्यांनी एक महिना दिला होता. आपण यांतल्या एकेका कामाला निदान एक पाळी द्यावी, आणि चित्राच्या शेवटी काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे.